खालच्या आजींची न केलेली तक्रार

अन्याय झाला तो आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींवर. कधी, तर गेल्या गणेश चतुर्थीला, संध्याकाळच्या आरतीच्या वेळी, टोकियोजवळच्या इचिकावातल्या आमच्या इमारतीच्या सभागृहाच्या काचेच्या दाराशी. कुणी केला, तर आम्ही. इमारतीतल्या मराठी घरांनी. सगळे शिकलेले, सगळे चांगल्या नोकऱ्यांतले, आणि जपानमध्ये आपल्याला घर भाड्याने देत नाहीत म्हणून दर रविवारी जेवताना चिडणारे.

आजींचं नाव मी लिहीत नाही, कारण नको असं त्यांनीच सांगितलं. बाकी सगळं लिही म्हणाल्या. म्हणून बाकी सगळं लिहिते.

आरती रंगात आली होती. माझ्या हातात झांज होती आणि तोंड दाराकडे, त्यामुळे त्या मला दिसल्या. बाजारातून परत येत होत्या, पिशवीतून कांद्याची हिरवी पात बाहेर आलेली. दाराबाहेर थांबल्या. आधी आमच्याकडे पाहिलं, मग गणपतीकडे, मग माझ्या ताईकडे. ताई आरतीच्या ताटात बघू लागली. आजींनी जराशी मान झुकवली आणि त्या लिफ्टकडे गेल्या. मी झांज खाली ठेवून मागे धावले, पण लिफ्टचं दार मिटलं होतं.

आजी दर वर्षी आमच्या गणपतीला येतात. भक्तीचं मला माहीत नाही, झांजांसाठी येतात हे नक्की. इथल्या देवळाच्या उन्हाळी उत्सवात त्या तरुणपणापासून पितळी घंटा वाजवत आल्या आहेत. पहिल्याच वर्षी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शेवटी तुम्ही सगळे पळता. ताल धरा." तर अशी बाई दाराबाहेरून परत का गेली?

मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं.

"त्यांना बोलावलं नव्हतं?"

"त्यांना सांगितलंय, यंदा बसवत नाही म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"मी. म्हणजे ठरलं सगळ्यांचं. सायकल स्टँडपाशी भेटल्या, विचारलं त्यांनी, कधी आहे म्हणून. मग काय सांगणार?"

"खरं सांगायचं."

"तुझं सोपं असतं गं," ताई म्हणाली आणि मोदकांची पातेली घासायला लागली.

माझं सोपं नसतं. मी टोकियोतल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते आणि ताईच्या घरात राहते. पुण्यात कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. पहिलं कँटीनच्या पाण्यावर लिहिलं होतं. इथे रविवारी एका छोट्या गटाबरोबर स्टेशनबाहेर उभी राहून पत्रकं वाटते. ज्यांना परदेशी म्हणून घर नाकारलं, त्यांच्यासाठी आमचा गट काम करतो. पत्रकावरचं मोठ्या अक्षरातलं वाक्य माझंच आहे: "ठरवण्याआधी आम्हांला विचारा." ते मी शेकडो जपानी माणसांच्या हातात दिलं होतं. आमच्या इमारतीच्या मराठी ग्रुपवर कधी टाकलं नव्हतं. तो ग्रुप मी म्यूट करून ठेवला होता, कारण त्यावर मुख्यतः तूरडाळ कुठे स्वस्त मिळते हे येतं.

त्या संध्याकाळी ताईच्या फोनवर मी तो मागे मागे जाऊन वाचला. मग सगळं लक्षात आलं. सुरुवात जूनमध्ये झाली होती, आणि तेव्हा मी तिथे हजर होते.

आम्ही लिफ्टमध्ये होतो: दाजी, माझी चार वर्षांची भाची आणि मी. आजी मधल्या मजल्यावर आत आल्या, भाचीकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "रोज संध्याकाळी तुझी पावलं ऐकू येतात हं. गेन्की देसु ने." गेन्की म्हणजे ठणठणीत, उत्साही, अंगात जीव असलेली. भाचीने जपानीतच सांगितलं की काल ती ससा झाली होती. आजी म्हणाल्या, मला वाटलंच, ससाच असणार. खाली लिफ्ट उघडली, त्या गेल्या आणि दाजींचा चेहरा उतरला.

"तक्रार केली त्यांनी," दाजी म्हणाले.

"कधी?"

"आत्ता. तुझ्यासमोर. पावलं ऐकू येतात म्हणाल्या ना?"

"हसत होत्या त्या, दाजी."

"तेच तर. हे लोक हसूनच सांगतात."

माझे दाजी भले माणूस आहेत, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणारा त्यांना खलनायक करून मोकळा होईल. जपानला यायच्या आधी कंपनीने पुण्यात त्यांना दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. जपानी माणूस तोंडावर कधी बोलत नाही, हा त्याचा गाभा. एका स्लाइडवर डावीकडे ते काय म्हणतात आणि उजवीकडे त्याचा खरा अर्थ. डावीकडे "तुमचं मूल किती उत्साही आहे", उजवीकडे "मुलाला आवरा". दाजींनी ती स्लाइड पाठ केली, ती कुणाला दुखावू नये म्हणून. म्हणजे हा पूर्वग्रह त्यांच्याकडे द्वेषातून आलाच नव्हता. तो सौजन्य म्हणून आला, सर्टिफिकेटसकट. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. शिवी दिली तर माणूस निदान ओळखू तरी शकतो की आपण शिवी दिली.

आणि या स्लाइडशी वाद घालता येत नाही. आजी रागावल्या असत्या तर ती तक्रार. हसल्या, तर लपवलेली तक्रार. गप्प राहिल्या असत्या, तर फारच मोठी तक्रार. त्या बाईने काय केलं असतं म्हणजे ती निर्दोष ठरली असती, हे मी दाजींना विचारलं. ते म्हणाले, "तू प्रत्येक गोष्टीत मोर्चा काढू नकोस."

घरात जाड गालिचे आले. गालिच्यांखाली फोम आला. भाचीला सांगितलं की संध्याकाळी आपण मांजर व्हायचं, चवड्यांवर चालायचं. ती काही दिवस मजेत मांजर झाली, मग नुसतीच सोफ्यावर बसून राहायला लागली. जुलैच्या शेवटी इमारतीच्या खालच्या फलकावर एक कागद लागला: घरातल्या आवाजाने शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची कृपया काळजी घ्या. दाजींनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "शेवटी केलीच."

पुढचं ग्रुपने केलं. आमच्या ग्रुपचे म्होरके एक काका आहेत, मुंबईच्या बँकेतून इथे पोस्टिंगवर आलेले, सगळ्यांना मदत करणारे, कुणाच्या आजारपणात स्वतः डबा पोचवणारे. त्यांनी लिहिलं, "तोंडावर गोड, मागून तक्रार. हे लोक असेच." त्यावर अंगठे. मग कुणीतरी, "यंदा गणपतीला बोलवू नका, झांजांवर पण कंप्लेंट करेल." त्यावर हसरे चेहरे. मग, "पण ती विचारेल." मग काका, "नम्रपणे सांगायचं, यंदा नाही." आणि माझ्या ताईने सायकल स्टँडपाशी ते नम्रपणे सांगितलं. तोंडावर गोड, आणि मागून आरती. आम्ही ज्या गोष्टीचा आजींवर आरोप करत होतो, ती इथल्या अख्ख्या उन्हाळ्यात फक्त आम्ही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इमारतीच्या व्यवस्थापकांकडे गेले. कान्रिनिन-सान म्हणतात त्यांना; सकाळी खालच्या खोलीत बसतात. विचारलं, तो आवाजाचा कागद कुणाच्या तक्रारीवरून लागला?

"तक्रार? शाळांना सुट्टी लागली की लावतो तो. दर वर्षी," ते म्हणाले. "तुम्हांला कुणाची तक्रार करायची आहे का?"

नाही म्हटलं. दर वर्षी तोच कागद, तीच जागा. आधी आमच्यापैकी कुणी वाचलाच नव्हता.

त्या संध्याकाळच्या आरतीनंतर सगळे जमलेले असताना मी हे सांगितलं. बसून सांगणार होते, पण मला बसून बोलता येत नाही. "आमच्या पुढारी उभ्या राहिल्या," काका म्हणाले आणि दोघंतिघं हसले. मी सांगून संपवलं तेव्हा कुणी हसत नव्हतं. क्षणभर वाटलं, पोचलं.

मग एक वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, बिचारी." आणि सगळी सभा एका झटक्यात दुसरीकडे कलंडली. बिचारी एकटी म्हातारी. या लोकांची मुलं बघतच नाहीत ना आईबापांकडे. पावलांचा आवाज म्हणजे तिला सोबत वाटत असेल. तिला रोज डबा देऊ या. एकाने तर ग्रुपवर लिहूनही टाकलं: "बिचारी, एकटी. या लोकांचं म्हातारपण फार वाईट."

खरं तर मलाही गहिवरून यायला हवं होतं. उलट माझं डोकं आणखीच फिरलं. कालपर्यंत ती कपटी होती, आज बिचारी. मधल्या काळात त्या बाईशी कुणी एक शब्द बोललं होतं का? तिला मुलं आहेत की नाहीत, हे खोलीतल्या एकालाही माहीत नव्हतं. नुसती पाटी बदलली होती, आणि या वेळी पाटी लावणाऱ्यांचे डोळे भरून आले होते.

"त्यांची माफी मागायची आहे," मी म्हटलं. "आधी खोटं बोललो हे सांगायचं. डबा नंतर."

"मग लिही ना चांगलं काहीतरी," काका म्हणाले. "तुझं तेच काम. सगळ्यांच्या वतीने कार्ड देऊ."

मी लिहायला बसले, आणि इथे माझीच पंचाईत झाली. पहिलं वाक्य आलं: जपानी माणसं मनाने हळवी असतात. खोडलं. एका एकाकी वृद्धेवर आपण अन्याय केला. एकाकी कशावरून? खोडलं. आपण भारतीय भावनेच्या भरात. खोडलं, आणि स्वतःच्या हातावर एक मारून घ्यावीशी वाटली. पत्रक अनेकवचनात लिहितात. कामगार, भाडेकरू, स्त्रिया, परदेशी. मी त्याच तालमीत वाढले आहे, आणि ते अनेकवचन खोटं नसतं. ज्यांना एकाच कारणाने घर नाकारलं जातं, त्यांनी एकत्रच बोलायला हवं. पण एका माणसाची माफी अनेकवचनात मागता येत नाही. कार्ड झालंच नाही. मी ग्रुपवर लिहिलं: "आपण त्यांच्याशी खोटं बोललो. उद्या सकाळी दहाला त्यांच्या दाराशी जाऊन सांगायचं आहे. ज्यांना यायचं ते या."

ताई आली. दाजी आले, गळ्याशी बटण लावून. काका येणार नाहीत असं मी धरून चालले होते. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, हातात मिठाईचा खोका. खोका मी वरच ठेवायला लावला.

आजींनी दार उघडलं तेव्हा त्यांचे केस ओले होते आणि गळ्यात टॉवेल होता. पोहून आल्या होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "चौघं? काय झालं, पाणी गळतंय का?"

ताईने सांगितलं. मान खाली घालून, पण एका दमात: गणपती बसवला होता, बसवत नाही असं मी सांगितलं, ते खोटं होतं, चुकलं. मग सगळे गप्प. आजीही गप्प. त्या गप्पपणात माझ्या मनात काय आलं असेल? दाजींची स्लाइड. मौन म्हणजे नकार, संपलं, चला. मी, जी त्या स्लाइडविरुद्ध एवढी भांडले, मलाही त्या क्षणी तीच आठवली.

आजींनी मान एका बाजूला कलती केली आणि कानावर थोपटलं. "कानात पाणी गेलंय. पुन्हा सांग."

ताईला सगळं पुन्हा सांगावं लागलं, या वेळी मोठ्याने.

"म्हणजे खोटं होतं," आजी म्हणाल्या.

"हो."

"का?"

मग लिफ्ट, पावलं, गेन्की, ग्रुप, सगळं सांगितलं. आजी दाजींकडे बघत राहिल्या.

"गेन्की म्हणजे गेन्की. त्रास झाला असता तर मी झाडूने छत ठोकलं असतं. तुमच्या आधी वर राहायचे त्यांना विचारा."

"आम्हांला तसं शिकवलं होतं," दाजी म्हणाले. "ट्रेनिंगमध्ये."

"कुठे?"

"पुण्यात."

"पुण्यात मला कोण ओळखतं?"

आजींना अजून ऐकायचं होतं. "तुमच्या त्या ग्रुपवर माझ्याबद्दल काय लिहिलंय? वाचून दाखवा. सगळं."

काका मराठीत पुटपुटले, "अहो कशाला आता, जाऊ दे, तिला सांग साधंच आहे." मी ताईचा फोन घेतला आणि वाचायला लागले. एकेक ओळ, मराठीतून जपानीत. हे काम करून बघा. आपल्या भाषेत चटकन बोलून गेलेलं वाक्य ज्याच्याबद्दल आहे त्याच्या भाषेत, त्याच्या तोंडाकडे बघत, सावकाश ठेवायचं. माझी जीभ पहिल्याच ओळीला अडखळली. हे लोक असेच. शब्दाला शब्द ठेवून मी म्हटलं, कोनो हितोताची, हे लोक.

आजींनी मागे वळून पाहिलं. मागे त्यांचा बोळ होता, वाळत घातलेला पोहण्याचा पोशाख होता, आणखी काही नव्हतं. पुन्हा आमच्याकडे वळल्या.

"कुठले लोक? इथे मी आहे."

त्या विनोद करत नव्हत्या. काकांच्या कानापर्यंत लाली चढली. त्यांनी स्वतःच्या मोडक्या जपानीत, कुणी न सांगता, म्हटलं, "ते मी लिहिलं. चूक माझी." मला वाटतं तेवढंच त्या सकाळी नीट झालं.

मी पुढे वाचलं. झांजांची तक्रार करेल, यावर त्या नुसतं हुं म्हणाल्या. बिचारी, एकटी, या ओळी आल्या तेव्हा मात्र खऱ्या चिडल्या. "तक्रारखोर म्हटलंत, ठीक आहे. पण बिचारी? माझे दोन मुलगे आहेत. येतात आणि माझी भांडी कुठल्या कुठे ठेवून जातात. मीच सांगते, फार येऊ नका." मग, "मी ऐकलं होतं, इंदोजिन तोंडावर बोलतात. भारतीय माणसं सरळ असतात म्हणे. टीव्हीवर सांगत होते." टॉवेलने कान पुसत म्हणाल्या, "तेही चुकीचंच निघालं."

डबा नको, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी याल का, असं ताईने विचारलं तेव्हा म्हणाल्या, विचार करते. जिन्यात दाजी हळूच म्हणाले, "विचार करते म्हणजे नाहीच, तेही शिकवलं होतं." ताई थांबली. "विचार करते म्हणजे विचार करते," ती म्हणाली. "आणि आज घरी जाऊन आधी ते गालिचे काढायचे."

पुढच्या गणपतीला आजी येतील की नाही, हे त्यांनी ठरवायचं आहे. त्यांनी आम्हांला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण त्या तसं म्हणाल्या नाहीत. मी ग्रुपवर एक नियम मांडला: इमारतीतल्या कुठल्याही माणसाबद्दल जे त्याच्यासमोर वाचता येणार नाही, ते इथे लिहायचं नाही. काकांनी होकार दिला. दोन घरं ग्रुप सोडून गेली; आता डाळीचे भावही कळवायचे नाहीत का, असं लिहून गेली. जाऊ देत. नियम राहील.

सवय जाते असं मला वाटत नाही. गेल्या रविवारी स्टेशनबाहेर सुटातला एक माणूस माझं पत्रक न घेता पुढे गेला आणि त्याच्या पाठीकडे बघून माझ्या मनात पूर्ण वाक्य तयार झालं होतं, हे सुटातले लोक. तो बहुधा गाडी पकडायला धावत होता. बहुधा, मी विचारलं नाही. पहिला विचार माझ्या हातात नाही. त्यानंतर काय करायचं ते आहे, आणि तिथे मी स्वतःला सूट देणार नाही. तुम्हांलाही देणार नाही.

तुम्ही इचिकावात असा, योकोहामात असा, नाहीतर कोथरूडमध्ये, तुमच्या फोनवर असा एक ग्रुप आहे. तो आत्ता उघडा. शोधाच्या जागी "हे लोक" असं टाका. जी ओळ सापडेल, ती ज्या माणसाबद्दल आहे त्याचं दार तुम्हांला माहीत आहे. तिथे जा आणि त्याच्या भाषेत ती त्याला वाचून दाखवा. ते जमणार नसेल, तर ओळ खोडा, ज्यांनी ज्यांनी ती वाचली त्यांना खोडली म्हणून सांगा, आणि तरीही त्याच्या दाराशी जा.